ग्रीनलंडचे युरोपीय समुदायातून बाहेर पडणे

डेन्मार्कच्या राज्यातला स्वशासित प्रदेश असलेला ग्रीनलंड १ फेब्रुवारी १९८५ रोजी युरोपीय आर्थिक समुदायातून, म्हणजे आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वावतारातून, बाहेर पडला. १९६२ मध्ये फ्रान्सपासून स्वतंत्र होताना अल्जीरियाही समुदायाबाहेर गेला होता. पण लोकांचा कौल घेऊन, वाटाघाटी करून आणि करारावर सह्या होऊन बाहेर पडलेला पहिला प्रदेश ग्रीनलंडच. त्या दिवशी समुदायाचे निम्म्याहून अधिक क्षेत्रफळ गेले, माणसे मात्र कमी झाली ती जेमतेम पन्नास हजार.

मुळात ग्रीनलंडला आत जायचेच नव्हते. २ ऑक्टोबर १९७२ च्या सार्वमतात तिथल्या सुमारे ७० टक्के मतदारांनी समुदायाला नकार दिला. पण १९५३ मध्ये वसाहतीचा दर्जा संपून ग्रीनलंड डेन्मार्कचाच भाग झाला होता, त्यामुळे मते साऱ्या डेन्मार्कची म्हणून मोजली गेली. डेन्मार्कने होकार दिला आणि १ जानेवारी १९७३ पासून ग्रीनलंडही त्याच्यामागून आत ओढला गेला. डेन्मार्कच्याच राज्यातली फेरो बेटे मात्र बाहेर राहू शकली, कारण त्यांना १९४८ पासून स्वशासन होते. हा फरक ग्रीनलंडच्या लोकांना फार लागला, आणि तो लागणे रास्तच होते. स्वशासनाच्या मागणीने त्यानंतर जोर धरला. १ मे १९७९ रोजी स्वशासन मिळाले आणि सिउमुत पक्षाचे योनाथन मोट्झफेल्ट, पेशाने धर्मगुरू, पहिले सरकारप्रमुख झाले.

खरा प्रश्न मासळीचा होता. विसाव्या शतकात समुद्र थोडा उबदार झाला, कॉड मासा पश्चिम किनाऱ्याला आला आणि सील मारून जगणारी कुटुंबे लहान होड्यांतून कॉड पकडू लागली. पुढे डिस्को उपसागरातली कोळंबी हे मोठे उत्पन्न झाले. समुदायात गेल्यावर या पाण्यात कोणी किती मासे धरायचे, ते ब्रसेल्समध्ये ठरू लागले. पश्चिम जर्मनीचे मोठाले ट्रॉलर तिथे कॉड आणि रेडफिश पकडायला येत. आपल्याच किनाऱ्यासमोर दुसऱ्याने परवाना द्यायचा, ही गोष्ट मासळीखेरीज दुसरा आधार नसलेल्या गावांना कशी पटावी? समुदायाकडून विकासासाठी पैसा येत होता, हेही खरे. म्हणूनच अटास्सुत पक्ष आत राहण्याच्या बाजूने होता.

२३ फेब्रुवारी १९८२ रोजी पुन्हा मतदान झाले आणि सुमारे ५३ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने आली. दहा वर्षांपूर्वीच्या ७० टक्क्यांपुढे हा कौल बराच अटीतटीचा, पण या वेळी तो ग्रीनलंडचा म्हणून वेगळा मोजला गेला होता. सार्वमत सल्लावजा होते. तरी डेन्मार्कने ते मानले. त्याच वर्षी कोपनहेगनमध्ये सत्ता आंकर योर्गेन्सन यांच्याकडून पॉल श्लुटर यांच्याकडे गेली, पण भूमिका बदलली नाही.

बाहेर पडायचे कसे, याचा नियम तेव्हा नव्हताच. सदस्य देशाला बाहेर पडण्याची वाट देणारे कलम ५० युरोपीय संघाच्या लिस्बन करारासोबत २००९ मध्ये लागू झाले. त्यामुळे मूळ करारांतच दुरुस्ती करावी लागली, आणि तिला दहाही सदस्य देशांची मंजुरी हवी होती. ग्रीनलंड सार्वभौम नसल्याने समुदायापुढे औपचारिक प्रस्ताव मांडला तो डेन्मार्कने.

१३ मार्च १९८४ रोजी ब्रसेल्समध्ये करार झाला. ग्रीनलंडला फ्रान्स वा ब्रिटनच्या सागरापारच्या प्रदेशांसारखा संलग्न दर्जा मिळाला. त्याची मासळी समुदायाच्या बाजारात जकातीविना जाणार होती, पण समुदायाच्या बोटींना ग्रीनलंडच्या पाण्यात समाधानकारक वाव मिळत असेल तरच. म्हणजे बाजाराचे दार आणि समुद्राचे दार एकाच कडीने बांधले होते. वाट्यातल्या मासळीच्या बदल्यात समुदायाने पहिली पाच वर्षे दरसाल २ कोटी ६५ लाख एक्यू (युरोआधीचे हिशेबी चलन) द्यायचे ठरले. जर्मन बोटी गेल्या नाहीत. पण पूर्वी हक्काने धरत ती मासळी आता मोबदला देऊन धरू लागल्या, आणि जाणारा विकासनिधीही बराचसा या रकमेतून भरून निघाला. इतक्या लहान समाजाने मिळवलेली ही फार मोठी गोष्ट आहे.

एका मुख्य विषयाच्या या वाटाघाटींना सार्वमतापासून अंमलापर्यंत जवळपास तीन वर्षे लागली. ब्रिटनचा बाहेरचा पहिला दिवसही १ फेब्रुवारीच होता, २०२० सालचा; तिथे मात्र आयर्लंडच्या सरहद्दीपासून औषधांपर्यंत सगळेच सोडवायचे होते.

ग्रीनलंडचे रहिवासी डेन्मार्कचे नागरिक असल्याने आजही युरोपीय संघाचे नागरिक आहेत. मासेमारीचा करार वेळोवेळी नव्याने होतो. १९९२ पासून ब्रसेल्समध्ये ग्रीनलंडचे स्वतःचे कार्यालय आहे, आणि मार्च २०२४ मध्ये युरोपीय संघानेही नूक या राजधानीत आपले कार्यालय उघडले.