लाटेच्या रेट्यावर चालणारी जहाजं

लाटांवर चालणारं जहाज म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तरंगतं वीजघर येतं: लाट आली, जनरेटर फिरला, बॅटरी भरली, पंखा सुरू झाला. पण या जहाजांचा इतिहास जवळजवळ सगळा विजेला वगळूनच घडला आहे. पाण्याखाली बसवलेलं एक आडवं पातं, एवढंच त्यांचं यंत्र.

लाटेवर होडीचं नाक वर उचललं जातं, खाली आपटतं. त्याच्याखाली पातं असं बसवायचं, की पुढची कड पक्की आणि मागची मोकळी. होडी वर जाताना मोकळी कड खाली झुकते, खाली येताना वर. दोन्ही वेळा पाणी मागे ढकललं जातं आणि होडी पुढे सरकते, लाट समोरून आली तरी! ज्या हेलकाव्यांनी खलाशांना ओकाऱ्या होतात, तेच इथलं इंधन.

हे पहिल्यांदा नीट करून दाखवलं हर्मन लिंडेन यांनी. १८९० च्या दशकात नेपल्सच्या प्राणिशास्त्रीय केंद्रात असताना त्यांनी सुमारे १३ फुटी ‘ऑटोनॉट’ बांधली. तिच्या दोन्ही टोकांना पाण्याखाली लवचीक पाती होती, आणि वेग ताशी तीन-चार मैल. सागरी जीव अभ्यासणाऱ्या केंद्रात माशाच्या शेपटीसारखी चालणारी होडी जन्मावी, हा योगायोग मला गमतीचा वाटतो. पुढे मात्र कोळसा आणि डिझेलपुढे हे खेळणंच ठरलं. तेल महागल्यावर, १९७० च्या दशकाच्या अखेरीस, नॉर्वेत आयनार याकोबसेन यांनी पुन्हा पात्यांचे प्रयोग सुरू केले.

सर्वांत गाजलेला प्रवास २००८ मधला. जपानचे केनिची होरिए यांनी १९६२ मध्ये शिडाच्या छोट्या बोटीतून एकट्याने पॅसिफिक ओलांडला होता. आता एकोणसत्तराव्या वर्षी ते ‘सनटोरी मरमेड २’ घेऊन होनोलुलूहून निघाले. साडेनऊ मीटर लांबीची, दोन सांगाडे शेजारी शेजारी जोडलेली (कॅटामरान), पुनर्वापर केलेल्या ॲल्युमिनियमची बोट. नाकाखाली युताका तेराओ यांनी आखलेली दोन पाती शेजारी शेजारी. १६ मार्चला निघालेले होरिए ४ जुलैला जपानच्या किनाऱ्याला लागले. सरासरी वेग ताशी तीन किलोमीटरही नाही, म्हणजे रमतगमत चालणारा माणूस पुढे निघून जाईल.

मग अशी बोट कोणाला परवडेल? ज्याला घाई नाही त्याला. कॅलिफोर्नियातल्या लिक्विड रोबोटिक्सचा ‘वेव्ह ग्लायडर’ त्यातूनच आला. वर सर्फबोर्डएवढा तरंगणारा भाग, त्याखाली काही मीटर लांब दोरीला लटकलेली पंखांची चौकट. खोलीबरोबर लाटेची हालचाल झपाट्याने मंदावते. वरचं हलतं, खालचं पाणी शांत, आणि या फरकावरच पंख चालतात. वीज लागते ती उपकरणांपुरती, तीही सौर पट्ट्यांची. २०११ च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेला ‘पापा माऊ’ वर्षभराने ऑस्ट्रेलियाला पोहोचला. अंतर ९,००० सागरी मैलांहून जास्त.

मोठ्या जहाजांना हे पुरत नाही, पण जोड देता येते. फॅरो बेटांतल्या ‘टाइस्टिन’ फेरीबोटीच्या नाकाला २०१९ मध्ये आत ओढून घेता येणारी पाती बसवली गेली. ती डिझेल वाचवतात, शिवाय डोलणंही कमी करतात. आणि लिंडेन यांची होडी? ब्रिटनमध्ये आज मोजमापासाठी समुद्रात सोडल्या जाणाऱ्या एका मानवरहित बोटीला दोन्ही टोकांना पाती आहेत. तिचं नावही ‘ऑटोनॉट’च आहे.