आंतरराज्य व्यापार आणि संघीय फौजदारी कायदा (अमेरिका)

अमेरिकेच्या संसदेला, म्हणजे काँग्रेसला, फौजदारी कायदे करण्याचा सर्वसाधारण अधिकार नाही. खून, चोरी, जाळपोळ हे मुळात राज्यांच्या अखत्यारीतले गुन्हे. भारतात फौजदारी कायदा समवर्ती सूचीत असल्यामुळे आपल्याला हे चटकन उमगत नाही. तिथे एखादे कृत्य संघीय गुन्हा ठरवायचे तर राज्यघटनेतला नेमका अधिकार दाखवावा लागतो. त्यासाठी बहुधा आंतरराज्य व्यापाराच्या नियमनाचा अधिकार पुढे केला जातो.

नॅफ्था मिसळलेले दिव्याचे तेल विकणे १८६७ च्या संघीय कायद्याने गुन्हा ठरवले होते. राज्याच्या आतल्या विक्रीला तो लागू होऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. पुढे काँग्रेसवरची ही मर्यादा सैल झाली. राज्याबाहेर लॉटरीची तिकिटे पाठवण्यावरची बंदी १९०३ मध्ये टिकली. १९४२ च्या फिलबर्न खटल्यात तर शेतकऱ्याने घरच्या वापरासाठी पिकवलेला गहूसुद्धा या अधिकाराच्या कक्षेत आला. १९७१ मध्ये धाकदपटशाने सावकारी करणाऱ्यांवरचा संघीय कायदाही वैध ठरला.

मग १९९५ चा लोपेझ खटला आला. सॅन अँटोनियोतला बारावीचा एक विद्यार्थी पिस्तूल आणि पाच गोळ्या घेऊन शाळेत गेला होता. त्याच्यावर आधी टेक्सासच्या कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. तो मागे घेऊन १९९० च्या शाळा-परिसर शस्त्रबंदी कायद्याखाली संघीय खटला भरला गेला. सरकारची बाजू अशी होती: शस्त्रांमुळे हिंसा वाढते, विम्याचा खर्च वाढतो, शिक्षण बिघडते आणि शेवटी देशाच्या उत्पादकतेला फटका बसतो. सरन्यायाधीश विल्यम रेनक्विस्ट यांनी या साखळीतला धोका अचूक हेरला. ती मान्य केली तर काँग्रेसच्या अधिकाराबाहेर काहीच उरत नाही. पाच विरुद्ध चार मतांनी कायदा रद्द झाला. व्यापाराचे मार्ग, व्यापाराची साधने व त्यातून जाणाऱ्या व्यक्ती-वस्तू, आणि व्यापारावर भरीव परिणाम करणारे व्यवहार, एवढ्यांचेच नियमन काँग्रेस करू शकते, ही चौकट या निकालाने पक्की केली. शाळेत पिस्तूल बाळगणे हा मुळात आर्थिक व्यवहारच नव्हता.

काँग्रेसने १९९६ मध्ये तोच कायदा नव्याने केला. फक्त ते शस्त्र आंतरराज्य व्यापारातून आलेले किंवा त्यावर परिणाम करणारे असावे, अशी अट घातली. बहुतेक बंदुका कधी ना कधी राज्याची सीमा ओलांडतात. त्यामुळे तत्त्व जिंकले तरी व्यवहारात फारसे बदलले नाही, असे म्हणणे भाग आहे.

तरीही मर्यादा पोकळ नाही. इंडियाना राज्यातल्या एका राहत्या घराच्या जाळपोळीबद्दलच्या संघीय खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये दिला. घरावरचे कर्ज, विमा आणि गॅस परराज्यातून आले होते, हा युक्तिवाद न्यायालयाने एकमताने फेटाळला. मात्र २००५ च्या रेइच खटल्यात कॅलिफोर्नियातल्या रुग्णांनी राज्याच्या कायद्यानुसार औषध म्हणून घरी लावलेला गांजाही संघीय बंदीतून सुटला नाही. गांजाला देशव्यापी बाजार असल्यामुळे घरच्या कुंडीतले रोपही त्या बाजाराचाच भाग मानले गेले. फिलबर्नच्या गव्हाचाच दाखला इथे पुन्हा कामी आला.