काळा ग्रॅनाइट आणि खरा ग्रॅनाइट

धुळ्या-जळगावात स्वयंपाकघराचा ओटा करायला घेतला की दुकानदार ‘काळा ग्रॅनाइट’ दाखवतो. तो दगड बहुतेक वेळा गॅब्रो किंवा डोलेराइट असतो, म्हणजे बसाल्टसारखाच रस जमिनीखाली थिजून झालेला काळा खडक. म्हणजे नातं ग्रॅनाइटशी कमी, आपल्या खानदेशातल्या काळ्या पाषाणाशी, बसाल्टशी, जास्त.

साक्री, दोंडाईचा, नंदुरबार या पट्ट्यात माळावर दगडी भिंतीसारख्या लांबच लांब रांगा दिसतात. ते डाइक. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वर चढणारा शिलारस तिथंच थिजला, पुढं आजूबाजूचा खडक झिजला आणि भिंत उघडी पडली. असे दोनशेहून जास्त मोठे डाइक मोजले गेलेत, बहुतेक पूर्व-पश्चिम. सर्वांत लांब ७९ किलोमीटरचा. हा शिलारस कवचाखालच्या प्रावरणातला, अकराशे-बाराशे अंश तापलेला आणि पातळ.

खऱ्या ग्रॅनाइटचा शिलारस बहुतांशी खंडाच्या कवचातच, २५-३० किलोमीटर खोल तयार होतो. खालून आलेल्या उष्णतेनं तिथले जुने खडक ७०० ते ८५० अंशांवर वितळू लागतात. अभ्रकात बांधलेलं पाणी सुटतं, त्यामुळं वितळणं सोपं जातं. पण सगळा खडक वितळत नाही. थंडीत गोठलेलं रवाळ तूप किंचित ऊन केलं की कणी तशीच राहते आणि मधून पातळ तूप सुटतं, तसंच हे. कवचाच्या दाबानं खडक पिळला गेला की तो रस बारीक शिरांतून गोळा होतो.

हा रस बसाल्टच्या रसापेक्षा हजारो पटींनी चिकट. म्हणून तो प्रचंड फुग्यासारखा, भोवतालचा खडक ढकलत वर येतो, असं बराच काळ मानलं जाई. मला ते चित्र पटत नाही: इतका सावकाश चढणारा फुगा वाटेतच थिजेल. १९९० नंतर अनेक भूवैज्ञानिकांनी दाखवलं की काही मीटर रुंदीची भेग पुरते, आणि भेगेतून हा चिकट रसही थिजण्याआधी वर पोचतो. म्हणजे बसाल्ट आणि ग्रॅनाइट, दोघांच्या रसाची वाट सारखीच! खानदेशात ती वाटच उघडी पडलीय. हंपीला मात्र ग्रॅनाइटच्या टेकड्या दिसतात. तो मुक्काम, जिथं रस साठून सावकाश थंड झाला.

ओट्याचा दगड घेताना जवळून पाहा. काचेसारखे राखाडी क्वार्ट्झचे कण आणि पांढरे-गुलाबी फेल्स्पार भरपूर दिसले, तर तो खरा ग्रॅनाइट.