जखमी सैनिक आणि शस्त्रक्रियेचे टेबल: डॉ. कोटणीसांच्या कामामागचा इतिहास

सोलापूरच्या भैय्या चौकातील डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या घरी आज त्यांचे स्मारक आहे. तेथे येणाऱ्याला त्यांच्या त्यागाची कहाणी कळते. पण जपानशी युद्ध चालू असताना चीनमध्ये ते नेमके कोणते वैद्यकीय काम करीत होते आणि एवढ्या मोठ्या देशाच्या सैन्याला परक्या डॉक्टरांची गरज का भासली, हे प्रश्न त्या कहाणीत बहुधा बाजूला राहतात. त्यांची उत्तरे युद्धवैद्यकाच्या इतिहासात सापडतात, आणि तो इतिहास बऱ्याच अंशी जखमी माणूस आणि शल्यचिकित्सक यांच्यामधले अंतर कमी करण्याचा आहे.

रणांगणावरचा जखमी पुष्कळदा जागच्या जागी मरत नाही. रक्तस्रावाने काही तासांत, किंवा जखम चिघळून काही दिवसांत तो दगावतो. युरोपात लढाई संपेपर्यंत जखमींना मैदानातच पडून राहावे लागे. फ्रेंच सैन्यातील शल्यचिकित्सक डॉमिनिक लारे यांनी १७९२ मध्ये घोड्यांच्या हलक्या गाड्यांतून लढाई चालू असतानाच जखमी उचलण्याची कल्पना मांडली, आणि हुद्दा न पाहता जखम किती गंभीर आहे ते पाहून उपचाराचा क्रम ठरवण्याची शिस्तही लावली. त्याच सुमारास आपल्याकडे घडलेली गोष्ट वेगळेच काही सांगते. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा टिपूच्या हाती लागला आणि त्याचे नाक व एक हात छाटण्यात आला. वर्षभराने पुण्याजवळ एका स्थानिक कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसवले. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज शल्यचिकित्सकांनी ते पाहिले, १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात त्याचा वृत्तान्त छापून आला आणि युरोपातील शल्यचिकित्सक ही पद्धत शिकू लागले. हातात कसब होते, पण ते जखमी सैनिकापर्यंत वेळेवर पोचवणारी व्यवस्था नव्हती.

ब्रिटिश फौजेत हे काम डोलीवाल्या भोयांकडे असे. (डोल्या आल्या आणि जखमींना घेऊन गेल्या, हे वाचून ‘डोली’ ही एखादी रानटी टोळी असावी असा विलायतेत कोणीतरी समज करून घेतल्याचा किस्सा सांगतात.) व्यवस्था तोकडी पडली की काय होते, हे पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) दिसले. तेथे लढणाऱ्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मधील टेसिफोनच्या लढाईनंतर जखमींना स्प्रिंग नसलेल्या खटाऱ्यांत घालून नदीपर्यंत आणि तेथून गर्दीने भरलेल्या बोटींतून बसऱ्याला नेण्यात आले. वाटेत कित्येकांची मलमपट्टीदेखील बदलली गेली नाही. पुढे नेमलेल्या आयोगाने १९१७ च्या अहवालात या कारभारावर कडक ताशेरे ओढले. याउलट फ्रान्सच्या आघाडीवर साध्या उपायाने काय साधते तेही कळले होते. मांडीचे हाड मोडून जखम उघडी पडलेल्यांपैकी सुरुवातीला सुमारे ८० टक्के दगावत. उचलून नेण्याआधीच पाय थॉमस स्प्लिंटमध्ये (मोडलेले हाड हलू न देणाऱ्या धातूच्या चौकटीत) ताणून बांधण्याची पद्धत रुळली, तसे हे प्रमाण २० टक्क्यांच्या खाली आले.

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर सर्वंकष युद्ध लादले तेव्हा चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या रूट आर्मीकडे शिकलेले शल्यचिकित्सक बोटांवर मोजण्याइतके होते आणि औषधे मिळणे दुरापास्त होते. सेनापती झू दे यांनी पंडित नेहरूंकडे मदत मागितली. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांच्या आवाहनानंतर निधी जमला आणि डॉ. अटल, चोळकर, कोटणीस, बसू व मुखर्जी असे पाच डॉक्टर सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून निघाले. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या कोटणीसांना तेव्हा अठ्ठाविसावे वर्ष चालू होते. पाचही जणांनी आपल्या चिनी नावाच्या शेवटी चीनचा अर्थ असलेले ‘हुआ’ हे अक्षर घेतले, आणि कोटणीस ‘के दीहुआ’ झाले.

कॅनेडियन शल्यचिकित्सक नॉर्मन बेथ्यून यांनी तेथे आधीच एक पायंडा पाडला होता. डोंगराळ मुलखात जखमी रुग्णालयापर्यंत येईतो मरतो, म्हणून खेचरांवर शस्त्रक्रियेचे साहित्य लादून डॉक्टरानेच आघाडीजवळ जायचे, एखाद्या खोलीत वा देवळात टेबल मांडायचे आणि शत्रू जवळ आला की ते उचलायचे. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेली जखम विषारी होऊन बेथ्यून नोव्हेंबर १९३९ मध्ये वारले. कोटणीसांनी तीच रीत पुढे चालवली. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते संचालक झाले. माझ्या मते त्यांचे याहून मोठे काम शिकवण्याचे होते, कारण एका शल्यचिकित्सकाचे हात कितीही चालले तरी आघाडी शेकडो मैलांची होती. चिनी भाषा आत्मसात करून ते त्याच भाषेत शिकवत आणि शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तकही लिहीत. तेथील परिचर्या शिक्षिका गुओ छिंगलान यांच्याशी त्यांनी विवाह केला. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचे निधन झाले, तेव्हा ते ३२ वर्षांचे होते आणि पुस्तकाचा दुसरा भाग अपुरा होता.

त्यानंतर चारच महिन्यांनी, एप्रिल १९४३ मध्ये, भारतात सेनेचे वैद्यकीय दल एकत्रित स्वरूपात उभे राहिले. आज पलटणीच्या मदत केंद्रापासून क्षेत्रीय रुग्णालय आणि पुढे कमांड हॉस्पिटल अशी साखळी आहे, हेलिकॉप्टरने डोलीची जागा घेतली आहे. सोलापूर जिल्ह्यातील सैनिकांच्या दृष्टीने साखळीची शेवटची कडी मात्र पुण्यात आहे: १९४४ मध्ये सुरू झालेले कृत्रिम अवयव केंद्र, आणि पाठीच्या कण्याला इजा झालेल्यांसाठी खडकीत १९७४ मध्ये स्थापन झालेले पुनर्वसन केंद्र. माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना तर २००३ मध्ये आली. जीव वाचण्याचे प्रमाण वाढले तसा उपचारांचा काळही लांबला. कापलेल्या पायाचा उरलेला भाग वर्षागणिक आकार बदलतो, कृत्रिम पाय सैल होतो किंवा टोचू लागतो, आणि युद्ध संपून कितीही वर्षे झाली तरी तो नव्याने बसवून घेण्यासाठी सुमारे अडीचशे किलोमीटरचा प्रवास पुन्हा करावा लागतो.