कर्णबधिर दृश्यकला

कर्णबधिर दृश्यकला : ऐकू न येणाऱ्या माणसाचे जगणे, त्याची भाषा आणि त्याला मिळालेली वागणूक हाच विषय असलेली चित्रे, शिल्पे व मांडणशिल्पे. चित्रकार कर्णबधिर आहे एवढ्यावरून त्याचे काम या प्रकारात मोडत नाही. त्याने काढलेले निसर्गचित्र हे निसर्गचित्रच. उलट बहिऱ्या आईबापांच्या घरी खुणांच्या भाषेत वाढलेल्या, ऐकू येणाऱ्या मुलाचे चित्र यात बसू शकते.

हा भेद १९८९ मध्ये अमेरिकेतील गॅलॉडेट या कर्णबधिरांसाठीच्या विद्यापीठात जमलेल्या नऊ कलावंतांनी जाहीरनाम्यात मांडला आणि या कलेला 'डीव्हिया' ('डेफ व्ह्यू/इमेज आर्ट'चे लघुरूप) हे नाव दिले. विरोधी रंग व पोत, चित्राच्या मध्याकडे खेचणारी रचना आणि डोळे, तोंड, कान, हात यांना मुद्दाम दिलेली अतिशयोक्ती ही त्यांनी नोंदवलेली लक्षणे. त्यांच्यात पुढाकार घेणाऱ्या बेटी मिलर यांनी १९७२ मध्येच बेड्यांत अडकलेले, बोटे तुटलेले दोन हात रेखाटले होते. कर्णबधिरांच्या शिक्षणावर इटलीत भरलेल्या १८८० च्या मिलान परिषदेने खुणांऐवजी ओठांच्या बोलण्याला पसंती दिली आणि पुढे कित्येक शाळांत मुलांच्या हातांवर बंदी आली, तो इतिहास त्या एका रेखाटनात आहे.

भारतात सतीश गुजराल (१९२५–२०२०) हे नाव सर्वांत आधी घेतले जाते. आठव्या वर्षी त्यांची श्रवणशक्ती गेली. त्यांची गाजलेली चित्रे मात्र फाळणीची आहेत आणि ती त्याच नजरेने पाहायला हवीत. प्रत्येक वेदना कानाशी नेऊन जोडणे हा त्यांच्यावर अन्याय होईल.

मराठवाड्यात या अनुभवाची सुरुवात बहुधा घरगुती खुणांपासून होते. गावात एकटेच बहिरे असलेले मूल आई, भावंडे आणि गुरेढोरे यांच्यासाठी स्वतःच्या खुणा तयार करते. मग तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी निवासी शाळेत पोचते आणि आपल्यासारखीच हातांनी बोलणारी मुले पहिल्यांदा पाहते. शाळेच्या पाटीवर अजूनही अनेक ठिकाणी 'मूकबधिर' हा शब्द असतो. आत वर्गभर गप्पा चाललेल्या असतात. ही भेट चित्राला पुरून उरणारा विषय आहे.

ऐकणारे चित्रकार बहिरेपण रंगवतात तेव्हा काळोख, शिवलेले ओठ, कानांवर दाबलेले हात येतात. तो त्यांचा स्वतःचा धसका असतो. ज्याने जन्मापासून आवाज ऐकलेलाच नाही, त्याला शांतता तरी कुठून ठाऊक असणार? पोळ्याच्या दिवशी त्याला घुंगरमाळेचे पितळ उन्हात चमकताना आणि बैलाने मान झटकली की लकाकताना दिसते. हलगी त्याला छातीत आणि तळपायांत कळते. हे रंगांत कसे आणायचे, हा इथला खरा प्रश्न आहे.

अजिंठ्याची लेणी याच मराठवाड्यात आहेत. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीची कमळ धरलेली बोटे पाहताना तोंडच्या शब्दाची उणीव भासत नाही. मात्र मुद्रा म्हणजे खुणांची भाषा नव्हे. मुद्रेचा अर्थ परंपरेने ठरलेला असतो. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे, तिच्यात भांडता येते, थट्टा करता येते.

राज्याच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांत स्मरणचित्राचा पेपर असतो. जत्रा, बाजार, पाणवठा असे त्याचे विषय. हातांनी बोलणारे मूल बाजाराचे चित्र काढताना हात मोठे आणि डोळे टक्क उघडे काढू लागले, तर जाहीरनाम्यातले लक्षण त्याने तो न वाचताच गाठले असे म्हणावे लागेल. परीक्षेत प्रमाणबद्धतेला महत्त्व असते, म्हणून चित्रकलेचे शिक्षक ते हात खोडून लहान करायला लावू शकतात.