घटस्फोटाच्या प्रकरणात खर्च आटोक्यात कसा ठेवावा: आमच्या पक्षकारांसाठी माहितीपत्रक

कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटाच्या अर्जाला लागणारे न्यायालय शुल्क किरकोळ असते, आणि महाराष्ट्र शासनाच्या 1994 च्या अधिसूचनेनुसार घटस्फोट व पोटगीच्या प्रकरणांत स्त्रियांना तेही माफ आहे. खरा खर्च वकिलाच्या फीचा आणि तारखांसाठी बुडणाऱ्या दिवसांचा असतो. पती-पत्नींमध्ये किती मुद्दे अनिर्णित आहेत आणि त्यांसाठी किती न्यायालयांत किती प्रकरणे चालू आहेत, यावर तो ठरतो.

दोघांनाही वेगळे व्हायचे असेल, तर हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 13-ब खाली परस्पर संमतीचा अर्ज हा सर्वांत स्वस्त मार्ग होय. त्यासाठी किमान एक वर्ष विभक्त राहिलेले असावे लागते आणि अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते. मात्र अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या 2017 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, अर्जापूर्वीच दीड वर्ष विभक्त राहणे झाले असेल, समेटाची आशा उरली नसेल आणि पोटगी, मुलांचा ताबा इत्यादी सर्व बाबी मिटल्या असतील, तर न्यायालय हे सहा महिने माफ करू शकते. म्हणून अर्ज घाईने दाखल करून वाटाघाटी नंतर करण्यापेक्षा, आधी सर्व अटी ठरवाव्यात आणि मगच अर्ज करावा, असा आमचा आग्रह असतो.

या अटी लिहिताना मोघमपणा फार महागात पडतो. ‘मुलाचा शिक्षणखर्च वडील करतील’ एवढेच लिहिले, तर शिकवणीची फी, वसतिगृह आणि महाविद्यालयाचा खर्च यांवरून पुढे नवे अर्ज सुरू होतात. सुट्ट्यांत मूल कोणाकडे राहील, स्त्रीधन कोणत्या दिवशी परत मिळेल, गृहकर्जाचा हप्ता कोण भरेल, एकरकमी पोटगीचा कोणता भाग कोणत्या टप्प्यावर द्यायचा, हे तारखा आणि आकड्यांसह लिहावे. हुकूमनामा (न्यायालयाचा घटस्फोटाचा अंतिम आदेश) होईपर्यंत कोणाही एकाला संमती मागे घेता येते, त्यामुळे संपूर्ण रक्कम पहिल्याच दिवशी हाती देऊ नये. फौजदारी तक्रार झालेली असेल, तर ती उच्च न्यायालयातून रद्द करून घेण्याचा खर्च कोण करणार, हेही याच कागदात यावे. ही बाब बहुतेकांच्या लक्षातून सुटते.

राहते घर एकाच्या नावे करायचे असल्यास त्याचा विचार हुकूमनाम्याआधी करावा. महाराष्ट्रात पती-पत्नींमधील निवासी मालमत्तेच्या बक्षीसपत्राला मूळ मुद्रांक शुल्क केवळ 200 रुपये आहे, परंतु घटस्फोटानंतर ते नातेच उरत नसल्याने ही सवलतही उरत नाही. अर्थात प्रत्येक तडजोड बक्षीसपत्रात बसतेच असे नाही. मोबदल्याच्या बदल्यात दिलेली मालमत्ता बक्षीस ठरत नाही, म्हणून दस्ताचा प्रकार आधी तपासून घ्यावा.

संमती होत नसेल, तर निदान प्रकरणांची संख्या मर्यादित ठेवावी. रागाच्या भरात तीन ठिकाणी तीन अर्ज केले, की तिन्ही ठिकाणी फी द्यावी लागते. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, 2005 च्या कलम 26 नुसार निवास, संरक्षण आणि आर्थिक साहाय्याची मागणी कौटुंबिक न्यायालयात चालू असलेल्या प्रकरणातही करता येते. जिवाला धोका असेल, तेव्हा मात्र खर्चाचा हिशेब बाजूला ठेवून तातडीने संरक्षण मागावे.

रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालापासून पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. आयकर विवरणपत्रे, बँकेची खातेउताऱ्यांची प्रत, पगारपत्रके, कर्जाची कागदपत्रे आणि मुलांच्या शाळेच्या पावत्या आपण स्वतः क्रमाने लावून आणल्यास आमचा वेळ व आपली फी दोन्ही वाचतात. उत्पन्न लपवणे हा बचतीचा मार्ग नव्हे. ते उघडकीस आणण्याच्या अर्जांतच प्रकरण वर्षानुवर्षे रेंगाळते.

फी एकरकमी आहे की दर तारखेप्रमाणे, तारीख नुसतीच पुढे ढकलली गेली तर आकारणी होते का, टंकलेखन व नकलांचा खर्च वेगळा आहे का, हे वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी लेखी घ्यावे, मग ते आमच्याकडून असो वा अन्य कोणाकडून. मिळणाऱ्या पोटगीतून टक्केवारी मागणे वकिलांना नियमाने मना आहे. पुढची तारीख ई-कोर्ट्स अ‍ॅपवर विनामूल्य पाहता येते. त्यासाठी फोन करण्याची गरज नाही.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 नुसार स्त्रियांना, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. आपण या तरतुदीत बसत असाल, तर आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात चौकशी करावी, हे आम्ही पहिल्या भेटीतच सांगतो. मुद्रांक कागदावर नोटरीसमोर लिहून घेतलेल्या ‘फारकतीवर’ मात्र एक रुपयाही खर्च करू नये. एखाद्या समाजाची तशी रूढी न्यायालयात सिद्ध झाल्याचा अपवाद वगळता अशा कागदाने हिंदू विवाह संपत नाही, आणि पुनर्विवाहाच्या वेळी हाच खर्च पुन्हा, अधिक अडचणीत, करावा लागतो.