कोर्ट फी आणि मुद्रांक शुल्क: वाढले एक, ओरड दुसऱ्याची

महाराष्ट्रात अनेक दस्तांवरचे किमान मुद्रांक शुल्क 14 ऑक्टोबर 2024 पासून 100 रुपयांवरून 500 रुपये झाले, आणि तेव्हापासून सावंतवाडी असो की चिपळूण, न्यायालयाच्या आवारात "कोर्टाची फी पाचपट झाली" हे वाक्य ठामपणे सांगितले जाते. ती वाढ कोर्ट फीची नव्हती. कोर्ट फीच्या ज्या वाढीबद्दल पक्षकारांनी खरोखर बोलायला हवे होते ती 16 जानेवारी 2018 पासून लागू झाली. तेव्हा दाव्याच्या मूल्यावर आकारल्या जाणाऱ्या फीची कमाल मर्यादा 3 लाखांवरून 10 लाख रुपयांवर गेली. त्या वेळी मात्र फारसे कोणी हळहळले नाही.

कोर्ट फी म्हणजे काय हे बहुतेकांना ठाऊक असते. दावा, अर्ज किंवा अपील दाखल करताना 1959 च्या अधिनियमानुसार ती भरावी लागते; नकला काढण्याचा आणि समन्स बजावण्याचा खर्च वेगळा. मुद्रांक शुल्क 1958 च्या अधिनियमाचे असून ते न्यायालयात जाण्याबद्दल नव्हे, तर दस्तावर लागते. कोर्ट फीचे तिकीट आणि मुद्रांकाचा स्टॅम्प पेपर दिसायला वेगळे आहेत, पैसे मात्र दोन्हींचे ऑनलाइन भरता येतात. एवढ्यावर घोटाळा होण्याचे कारण नव्हते.

तरीही तो होतो, आणि त्याचा पहिला बळी प्रतिज्ञापत्र. न्यायालयात तत्काळ दाखल करण्यासाठी केलेल्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक अधिनियमाच्या अनुसूचीतच सूट आहे. जात, उत्पन्न, रहिवास आणि राष्ट्रीयत्वाच्या दाखल्यांसाठी शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांवरील शुल्कही 1 जुलै 2004 च्या आदेशाने माफ झाले आहे. असे असताना "आधी पाचशेचा बॉण्ड आणा" असे सांगणाऱ्यांची मला मनापासून चीड येते, कारण त्या बॉण्डची गरज कायद्याला नसून केवळ सवयीला असते.

खरी ठेच मात्र वाटपाच्या दाव्यात लागते, आणि कोकणात असे दावे घरोघरी आहेत. समजा, वडिलोपार्जित घर आणि भोवतालची बिनशेती जागा यांत चार भावंडांचा हिस्सा आहे. त्यांपैकी एकाने दावा लावला, आपल्या हिश्श्याच्या मूल्यावर कोर्ट फी भरली आणि काही वर्षांनी अंतिम हुकूमनामा (कोणाला कोणता भाग हे ठरवणारा न्यायालयाचा आदेश) मिळवला. "फी तर केव्हाच भरली" असे म्हणून तो निश्चिंत होतो. परंतु वाटपाचा अंतिम हुकूमनामा हा मुद्रांक अधिनियमाच्या दृष्टीने वाटपाचा दस्तच असल्यामुळे, तो अमलात आणायचा तर योग्य किमतीच्या मुद्रांकावर उतरवून घ्यावा लागतो. सुरुवातीला भरलेली कोर्ट फी या शुल्कात वळती होत नाही. ती दाद मागण्यासाठी होती आणि हे शुल्क हक्क विभागणाऱ्या लेखासाठी आहे. त्यातच एखादा भाऊ मुंबईस असतो, मुद्रांकाचा खर्च कोणी करायचा यावर घोळ चालतो आणि "स्टॅम्प भरला की हुकूमनामा अमलात आणण्याची मुदत सुरू होईल" या समजुतीवर वर्षे निघून जातात. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये चिरंजीलाल विरुद्ध हरिदास या प्रकरणात ही समजूत मोडीत काढली: अंमलबजावणीची 12 वर्षांची मुदत हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजायची, मुद्रांक सादर केल्यापासून नव्हे. (शेतसारा आकारला जाणाऱ्या शेतजमिनीचे सरस-निरस (जमिनीच्या प्रतीनुसार) वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 नुसार जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते, तिथला मार्ग वेगळा असल्याने हे उदाहरण अशा जमिनीवरच्या बागेला जसेच्या तसे लावू नये.)

चूक झाल्यावरचे परिणामही निराळे आहेत. कोर्ट फी कमी पडली तर न्यायालय ती भरण्यास मुदत देते आणि तरीही न भरल्यास वादपत्र, म्हणजे दाव्याचा मूळ लेखी अर्जच, फेटाळले जाते. मुद्रांक कमी पडला तर दावा जिवंत राहतो, पण तो दस्त फरकाची रक्कम आणि दंड भरेपर्यंत पुराव्यात घेतला जात नाही.

सवलतींची सरमिसळ तर सर्रास होते. 1 ऑक्टोबर 1994 च्या अधिसूचनेने मालमत्तेचा वाद, पोटगी, हिंसाचार आणि घटस्फोट या प्रकरणांत महिला पक्षकारांना कोर्ट फी माफ केली आहे. त्यामुळे भावांविरुद्ध हिस्सा मागणाऱ्या बहिणीला दावा लावताना ती भरावी लागत नाही. परंतु ही माफी कोर्ट फीपुरतीच असल्याने तिच्या वाटपाच्या हुकूमनाम्यावरील मुद्रांक शुल्काला ती लागू होत नाही. लोकअदालतीत तडजोड झाल्यास परत मिळते तीही कोर्ट फीच, आणि तिच्यासाठी अर्ज करायला पक्षकाराने वकिलांना वेळेवर आठवण करावी.